यातला पडणार कोण?

बोलून गेले आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. कंबोडियात, नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. गेरूच्या रंगाची, टोकदार छपरांची ती इमारत, मधल्या चौकात कमळांची तळी, बाहेर भाद्रपदातला पाऊस पडून गेल्यावरची चिकचिक. बुद्धमूर्तीजवळ बसलेल्या बाईंनी हातात मोगऱ्याच्या कळ्या दिल्या होत्या, त्या वाहून झाल्या तरी बोटांना वास होता. बरोबरचा गाइड पंचविशीतला, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला. तो एका शिल्पापुढे थांबला. दोन वानर एकमेकांना भिडलेले, पायात पाय, अंगाला अंग, कुठला हात कुणाचा हे चटकन कळू नये असे. मी मोठ्यानंच म्हणाले, "अरे, हे तर आमचे वाली-सुग्रीव!" 'आमचे'वर जरा जास्तच जोर पडला. तो हसला. रोज दोनचार भारतीयांकडून ऐकायची त्याला सवय असणार. "हो मॅडम, रीमकेर," म्हणाला. रीमकेर म्हणजे रामकीर्ती, त्यांचं रामायण. तेवढ्यावर थांबायचं, तर मी सुरूच झाले. आमच्याकडे कोल्हापूर, लाल माती, माझे वडील पैलवान, हा पेच, हे सगळं आमच्याकडचं. पोराचा चेहरा खरोखर उजळला. शिल्पाच्या बाजूला सरकला, आपले दोन्ही हात त्या दगडी हातांसारखे केले आणि विचारलं, "मग सांगा ना मॅडम, यातला पडणार कोण?"

मी म्हणाले, "वाली. राम झाडाआडून बाण मारतो ना."

त्यानं मान हलवली. "बाण नको. नुसती पकड बघून सांगा."

मी बघत राहिले. दगडातल्या पोटऱ्या बघितल्या, कमरेला आलेला बाक बघितला. कुणाचा तोल कुणावर आहे, कुणाचा पाय हलका झालाय, काही म्हणजे काही कळेना. तो मुलगा बराच वेळ अदबीनं थांबला आणि मग पुढच्या दालनाकडे वळला. पुढच्या दालनात काय काय होतं ते मला आज आठवत नाही.

वडील पैलवान हे खरं. पण तालमीचं माझं ज्ञान म्हणजे बाहेरच्या दगडी पायरीवरचं. धाकटा भाऊ सहा वर्षांचा झाल्याबरोबर अण्णांच्या बोटाला धरून आत गेला, आणि मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असून दुधाची किटली धरून पायरीवर. पोरींनी, बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ते माहीतच असायचं. त्यामुळे कुस्ती मला कानांनी माहीत आहे. मांडीवर शड्डू पडल्याचा आवाज, मातीत अंग आपटल्याचा भद्द आवाज, त्यानंतर येणारा घोगरा श्वास, आणि "धर, धर, सोडू नको" अशी वस्तादांची दटावणी. नाकानंही थोडी माहीत आहे. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलेल्या मातीचा वास दारातून बाहेर यायचा. मुली आता कुस्ती खेळतात, पदकं आणतात, ते टीव्हीवर बघताना माझ्या घशाशी काहीतरी येतं. पण माझा काळ पायरीवरच गेला. आणि परदेशात उभं राहून मी छातीवर हात ठेवून म्हणत होते, आमचं.

ते वानर कोह केरहून आलेत. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराच्या ईशान्येला, गाडीनं सव्वाशे किलोमीटरभर आत, जिथं चौथ्या जयवर्मननं दहाव्या शतकात आपली राजधानी नेली होती. ९२८ ते ९४४ या काळात ती तिथं होती. त्या काळचे शिल्पकार विलक्षण धाडसाचे. देव बसलेला किंवा उभा असा शांत घडवायचा सोडून या लोकांनी दगडाला उडी मारायला लावली. तिथल्या प्रासात चेन नावाच्या देवळाच्या एका दारात वाली-सुग्रीव भिडलेले होते, दुसऱ्या दारात भीम आणि दुर्योधन गदा उगारून, आणि भोवती गदायुद्ध बघायला बसलेले पांडव, बलराम. मूर्ती मोकळ्या, चारी बाजूंनी फिरून बघता येतील अशा. आखाड्याभोवती माणसं बसतात तशीच ती मांडणी. १९७०च्या सुमारास देशात यादवी पेटली तेव्हा चोरांनी दुर्योधनाला घोट्यापासून तोडून नेलं. पावलं चौथऱ्यावरच राहिली. २०११च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात तो विक्रीला आला, कंबोडियानं हरकत घेतली, तिथल्या सरकारनं दावा लावला, आणि शेवटी देवळात राहिलेली पावलंच साक्षीला उभी राहिली. २०१४मध्ये दुर्योधन घरी आला, भीम आला, बलराम आला. दोन पांडव त्याआधीच्या वर्षी आले होते. महाभारतात ज्याची मांडी फुटते त्याचे इथं घोटे तुटले, हे मला उगाचच लागून राहिलं. आणि हेही, की त्या पावलांवर 'आमचा दुर्योधन' असा दावा सांगायला आपण कुणी गेलो नव्हतो. तो त्यांचाच होता. त्यांनीच मागून आणला.

अंगकोरला गेले तेव्हा डोळ्यांना खोडच लागली होती, जिथं तिथं झुंजीच दिसायच्या. बांते स्रेइचं देऊळ ९६७चं, गुलाबी दगडाचं, एवढंसं, नाजूक, दागिन्यासारखं. पण त्याच्या दारांवरच्या त्रिकोणी पट्टांमध्ये बघावं तर मारामारीच. एकावर वाली-सुग्रीव, दुसऱ्यावर भीम-दुर्योधन, तिसऱ्यावर तिलोत्तमेसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले सुंद आणि उपसुंद. यातले सुंद-उपसुंद आता पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहेत आणि गदायुद्ध नॉम पेनला. या कथा समुद्रावरून आल्या, कुणी व्यापाऱ्यानं आणल्या असतील, कुणी ब्राह्मणानं. पण ज्या शिल्पकारानं वालीची पोटरी घडवली त्यानं पोथी वाचून ती घडवली नाही, एवढं मला पायरीवर बसलेल्या बाईलाही कळतं. समोरच्याला उचलताना माणूस गुडघे बाहेर काढतो, टाच रोवतो, मान खांद्यात घेतो. हे त्यानं गावच्या भातखाचरात, देवळाच्या अंगणात बघितलं असणार. त्याच्यासमोर कुणीतरी दोन दांडगी पोरं उभी केली असतील. त्यांची नावं काय होती कोण जाणे. वाली-सुग्रीव नक्कीच नव्हती.

बायोनच्या भिंतीवर तर देव मागेच पडतात. सातव्या जयवर्मनच्या काळातलं, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधीवरचं हे काम. तोन्ले साप सरोवरात शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी चाललेली लढाई, होड्या, पाण्यात पडलेल्यांना खाणाऱ्या मगरी. आणि खालच्या पट्टीत बाजार, स्वयंपाक, बाळंतीण, कोंबड्यांची झुंज, रानडुकरांची झुंज, अंगाला अंग भिडवलेले मल्ल. कोंबडा हातात धरून बसलेल्या माणसाचे डोळे असे चमकतात की आत्ता पैज लावेल. सैनिकांच्या खांद्यावर वाकड्या बांबूच्या दांड्याचं एक पातं दिसतं, त्याला फ्काक म्हणतात. कंबोडियातल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर ते आजही दिसतं, झुडपं तोडायला. या भिंती कोरल्या त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १२९६मध्ये, चिनी वकिलातीबरोबर चौ ता-क्वान इथं आला आणि वर्षभर राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की इथल्या शिपायांच्या एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. ना धनुष्य, ना डावपेच. आणि सयामशी लढाई झाली तेव्हा म्हणे झाडून सगळ्या रयतेला लढायला लावलं. मला त्याचा जरा रागच आला. पाहुणा म्हणून यायचं आणि यजमानाला लढता येत नाही म्हणायचं! मग आठवलं, मीही पाहुणीच होते आणि मीही काहीतरी ठणकावून बोलून आलेच होते.

सिएम रीपला एका संध्याकाळी बोकाटोरचा, म्हणजे त्यांच्या जुन्या युद्धविद्येचा सराव बघायला मिळाला. ख्मेर भाषेत ल्बोक्कातो. ल्बोक म्हणजे कुटणं, ठेचणं आणि तो म्हणजे सिंह. गोष्ट अशी सांगतात की एका गावाला सिंहानं त्रास दिला, एका योद्ध्यानं त्याला गाठलं आणि गुडघ्याच्या एका तडाख्यात ठार केलं. गंमत म्हणजे कंबोडियाच्या रानात वाघ होते, सिंह नव्हतेच. सिंह आला तो गोष्टींतून आणि दगडातून. अंगकोरच्या प्रत्येक पायरीशी सिंह बसलाय, आणि ज्यानं तो घडवला त्यानं आयुष्यात सिंह पाहिलेला नाही हे दिसतंच. कुरळी आयाळ, छाती पुढे काढलेली, शेपट्या बहुतेकांच्या गळून गेलेल्या. मागून बघितलं तर घरी लाडावलेलं कुत्रं. म्हणजे या विद्येच्या नावातला प्राणीही पाहुणा. पण गुडघा? तो पाहुणा नव्हता.

सराव एका पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर. वीसेक मुलं, त्यात सातआठ मुली. कमरेला क्रामा, म्हणजे आपल्या पंचासारखं चौकड्यांचं सुती कापड, जे इथं उन्हात डोक्याला, घामाला, झोळीला, सगळ्याला चालतं. क्रामाच्या रंगावरून पायरी ठरते. पांढऱ्यापासून सुरुवात, मग हिरवा, निळा, तांबडा, तपकिरी, काळा आणि अगदी वर सोनेरी. हे बघून मला कराटेच्या पट्ट्यांची आठवण झाली आणि जरा खट्टू झाले, उगाच. दंडांना आणि डोक्याला लाल-निळे दोर बांधलेले. आधी सगळ्यांनी गुरूला नमस्कार केला. गुरूला ते क्रू म्हणतात. जुन्या विद्येला क्बाच कुन बोरान, यातला बोरान म्हणजे पुराण. 'आमचं' पुन्हा जिभेवर आलं, मी गिळलं. मग बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीनं वानराचा डाव करून दाखवला. बसकण मारून, लटलट मान हलवत, अचानक उसळून समोरच्या मुलाच्या मांडीवर पाय देऊन ती त्याच्या खांद्याशी पोचली. सगळी मुलं हसली. ती हसली नाही. खाली उतरली आणि क्रामा घट्ट केला.

मी शेडच्या बाहेर, पायरीवर बसून बघत होते. कुणी सांगितलं नव्हतं तिथं बसायला. बसले आपली.

ही विद्या पहिल्या शतकापासूनची आहे, असं २०२२मध्ये युनेस्कोच्या यादीत ती आली तेव्हाच्या नोंदीत म्हटलंय. असेलही. मला त्या दोन हजार वर्षांपेक्षा तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवस जास्त छळतात. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९. हा आकडा तिथं लहान पोरंही अशीच सांगतात, वर्षं-महिने-दिवस मोडून. ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. ज्याच्याकडे काही शिकवण्यासारखं होतं तो आधी गेला. नर्तक, वादक, मास्तर, आणि हे वस्तादही. पोथी जाळली तर कुणाकडे तरी दुसरी प्रत सापडू शकते. कुणाच्या मनगटात असलेला पेच तो माणूस गेला की गेला. सान किम सेअन हे त्यातून वाचलेले. ते अमेरिकेत पोचले, तिथं हॅपकिडो ही कोरियन विद्या शिकवून जगले आणि १९९०च्या दशकात परत येऊन गावोगाव जुने जाणते शोधत फिरले. बरेच म्हातारे कबूलच होईनात की आपल्याला काही येतं. इतकी वर्षं लपवून जगल्यावर माणूस असं एकदम कसं कबूल करेल? त्या खटपटीतून २००६मध्ये नॉम पेनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या मुलीनं केलेला वानराचा डाव कुठल्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघाला असेल, त्यातलं किती जुनं असेल, किती आठवून आठवून जुळवलेलं असेल, हे मला कळायचा संबंध नाही. जुळवलेलं असलं तरी मला चालेल, असं त्या संध्याकाळी वाटलं. मग हॉटेलवर येऊन वाटलं, मला चालण्या-न चालण्याचा प्रश्न कुठून आला?

नॉम पेनला परतल्यावर एका चहावाल्याकडे टीव्हीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक पुरुष बसलेले दिसले. कुन ख्मेर चालू होतं, म्हणजे त्यांचं मुष्टियुद्ध, जुन्या लोकांच्या तोंडी प्रदाल सेरेइ. हातमोजे, दोरखंडाचं रिंगण आणि घड्याळ फ्रेंचांच्या काळात आलं. कोपर आणि गुडघा आधीपासूनचे. स्रलाय नावाची सनईची बहीण सुरुवातीला रडवेली वाजते, मग लढत तापली की ढोलाबरोबर तीही पिसाटते. माझ्या टुकटुकवाल्यानं मला खुर्ची दिली आणि पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल तर ही, की थाई लोकांनी हे आमच्याकडून नेलं. २०२३च्या मेमध्ये नॉम पेनला आग्नेय आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा यजमानांनी खेळाचं नाव 'मुय' न ठेवता 'कुन ख्मेर' ठेवलं आणि थायलंडनं त्या खेळात आपले खेळाडूच पाठवले नाहीत. टुकटुकवाला हे सांगताना इतका पेटला होता की समोरची फेरी संपली ते त्याला कळलं नाही. मला तो वानरांचा दगड आठवला. वाली आणि सुग्रीव इतके सारखे दिसत की रामालाही पहिल्या वेळी बाण सोडता आला नाही. दुसऱ्या वेळी सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची माळ घालावी लागली. हे मी त्याला सांगितलं नाही. टीव्हीवर एकाच्या भुवईतून रक्त येत होतं आणि दुसरा त्याला वाकून नमस्कार करत होता.

शेवटचा दिवस फ्चुम बेनचा होता. त्यांचा पितृपक्ष. आपल्या सर्वपित्री अमावास्येलाच संपतो, महिन्याचं नावही भाद्रपदावरूनच आलेलं. भाताचे गोळे पितरांना देतात, त्यांना बाय बेन म्हणतात, यातला बेन म्हणजे पिंड. त्या सकाळी नॉम पेनपासून चाळीसएक किलोमीटरवरच्या विहिअर सुओर गावात रेड्यांच्या शर्यती होतात आणि देवळाच्या आवारात कुस्त्या. रेड्यांच्या शिंगांना रंगीत कापडं, पोरं उघड्या पाठीवर बसलेली, चिखल सगळ्यांच्या तोंडावर. माणसं इतकी की मला कुस्तीच्या जागेपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. पोचण्याआधी आवाज पोचला. दोन ढोल, एक मादी आणि एक नर, न्यी आणि छ्मोल अशी त्यांची नावं, एकामागून एक, धीमे. हलगीइतका तो कडक नव्हता. पण पोटात नेमका तिथंच वाजत होता.

या कुस्तीला बाओक चांबाब म्हणतात. दोघे पैलवान ढोलाच्या तालावर आधी नाचतात, हात पसरून, सावकाश, बगळा पाण्यात पाय टाकतो तसे. मग एकदम भिडतात. ज्याची पाठ जमिनीला लागली तो हरला. तीनात दोन घेतल्या तो जिंकला, आणि प्रत्येक फेरीआधी पुन्हा नाच. चितपट हा शब्द मी मनात म्हटला, मोठ्यानं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की आज बघायचं. बाण नको, गोष्ट नको, नुसती पकड. पहिल्या जोडीत मी म्हटलं काळ्या चड्डीवाला पडणार, निळा पडला. दुसऱ्या जोडीत बुटका पडणार वाटलं, त्यानं दुसऱ्याला कमरेवरून असा घेतला की माझ्या शेजारची म्हातारी सुपारी थुंकून ओरडली. सहा जोड्या बघितल्या. एकही बरोबर आलं नाही. ती म्हातारी मात्र प्रत्येक वेळी आधीच मान हलवायची. तिला विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती.

संग्रहालयात आत फोटो काढू दिले नव्हते, म्हणून तिथल्या दुकानातून मी त्या वानरांचं पोस्टकार्ड घेतलं होतं. दिवाळीत गावाकडे गेले तेव्हा ते पर्समध्येच होतं. तालीम अजून आहे. पोरं चारसहा येतात, तीही पोलीसभरती जवळ आली की. अण्णांच्या बरोबरीचे वस्ताद ऐंशीच्या पुढचे, दोन्ही कान मोडून गोळा झालेले, संध्याकाळी त्याच पायरीवर बसतात. मी शेजारी बसले आणि पोस्टकार्ड हातात दिलं. कुठलं, कुणाचं, किती जुनं, काही विचारलं नाही. हात लांब करून बघितलं, मग डोळ्यांजवळ आणून बघितलं.

"माकडं व्हय?"

"वाली-सुग्रीव," मी म्हणाले.

"आसंल." अंगठा एका दगडी खांद्यावर ठेवून ते थांबले. "ह्यो हात कुठं गेलाय?"

"पाठीमागं गेला असेल."

"मग त्येच तर बगायचं असतंय. पकड मागनं कळती. मागनं काडल्याला न्हाई व्हय?" आणि त्यांनी पोस्टकार्ड उलटं केलं. मागं ख्मेर लिपीतल्या दोन ओळी होत्या आणि तिकिटासाठी आखलेला चौकोन. त्याच्याकडेही त्यांनी जरा वेळ बघितलं, पुन्हा सरळ केलं.

"थांब. आत मारुतीच्या कोनाड्यात चष्मा हाय माजा, आण जा."

आतून मातीचा वास येत होता. वस्तादांचं लक्ष पोस्टकार्डात होतं. मी उंबऱ्यापाशी चपला काढल्या.